इंग्रजी शिकायला परदेशात, आणि मुक्काम कुणाच्या तरी घरात: सांगली-साताऱ्याच्या मंडळींसाठी सगळं सविस्तर

मी कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत एक्स्पोर्टचं काम बघतो. ईमेल लिहायला सांगा, झकास लिहिणार, पण फॉरेनच्या कस्टमरचा फोन आला की मला नेमकं तेव्हाच बाथरूमला जायचं असायचं. शेवटी साहेब वैतागले, म्हणाले बाबा एकदाचं काय ते शिकून ये, तीन महिने बिनपगारी रजा घे. मग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात १२ आठवडे राहून आलो. सकाळी लँग्वेज स्कूल, संध्याकाळी एका रिटायर बाईंच्या घरी जेवण आणि मुक्काम, यालाच होमस्टे किंवा होस्ट फॅमिली म्हणतात. परत आल्यापासून विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर आणि साताऱ्याला मामाकडं गेलो की पोवई नाक्यावर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधीच सांगतो, वर्गात जेवढं शिकलो त्याच्या दुप्पट त्या जेवणाच्या टेबलावर शिकलो. त्यामुळं खाली शाळेबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त आहे, ज्यांना फक्त व्हिसाचं वाचायचंय त्यांनी मधला भाग वाचा आणि बाकीचं सोडा, पण सोडू नका असं माझं म्हणणं.

आधी हे ठरवा की कशासाठी जाताय

हा डिग्रीचा मामला नाही. चार आठवडे, आठ, बारा, फार तर सहा महिने असा कोर्स असतो, शेवटी सर्टिफिकेट मिळतं त्यावर तुमची लेव्हल लिहिलेली असते. लेव्हल म्हणजे ए१ पासून सी२ पर्यंतच्या सहा पायऱ्या, युरोपात सगळीकडं हाच हिशोब चालतो. मराठी मीडियमचा, बारावी सायन्स, नोकरी करणारा आपला माणूस साधारण वाचायला बी१ आणि बोलायला ए२ असतो, माझं तेच झालं. एक पायरी चढायला दीडशे ते दोनशे तास शिकणं लागतं असं धरतात. आठवड्याला १५ तास धरले तर १२ आठवड्यांचे १८० तास होतात, म्हणजे तीन महिन्यांत एक पायरी, तीपण मनापासून केलं तर. महिनाभरात फाडफाड बोलून परत येतो असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

दुसरं म्हणजे "तिकडं गेल्यावर पार्ट टाइम बघू" हा विचार डोक्यातून काढून टाका. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर एक तासही काम करता येत नाही. त्यामुळं शेत गहाण ठेवून किंवा सोसायटीचं कर्ज काढून या कोर्सला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशात इथं वर्षभर चांगला शिक्षक लावता येतो. बचतीतून जमत असेल, नोकरी-धंद्यात उपयोग असेल, तरच जा.

देश कुठला

तीन नावं ऐकू येतात, ब्रिटन, आयर्लंड, माल्टा.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर करता येतो, संस्था मात्र मान्यताप्राप्त पाहिजे. सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजी कोर्सला वेगळा शॉर्ट टर्म स्टडी व्हिसा आहे, त्यावरही काम करता येत नाही आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं म्हणजे भारतातून निघायच्या आधी टीबीची तपासणी करावी लागते. आयर्लंडमध्ये किमान २५ आठवड्यांच्या मान्यताप्राप्त कोर्सला असाल तर आठवड्याला २० तास कामाची मुभा असते, पण खात्यावर दाखवायची रक्कम मोठी लागते आणि ज्याला तीन महिनेच जायचंय त्याच्या ते कामाचं नाही.

माल्टा बऱ्याच जणांना माहीत नसतं. आख्खा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जत तालुक्यात असे पाच-सहा माल्टा आरामात मावतील, लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका म्हणा ना. १९६४ पर्यंत ब्रिटिशांकडं होता, त्यामुळं माल्टीजबरोबर इंग्रजीपण तिथली अधिकृत भाषा आहे. शेंगेन देश (युरोपातल्या ज्या देशांत मिळून एकच व्हिसा चालतो त्यातला) असल्यामुळं छोट्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि किमान ३०,००० युरोचं मेडिकल इन्शुरन्स लागतं. ऊन, समुद्र, सगळं मस्त. पण एक गोष्ट एजंट सांगत नाहीत, तिथली घरातली माणसं एकमेकांशी माल्टीज बोलतात. तुमच्याशी इंग्रजी, आपापसात माल्टीज. म्हणजे टेबलावर बसून कानावर पडून जे शिकायचं ते निम्मं होतं. मी ब्रिटन निवडलं ते एवढ्यासाठीच. बाकी माण-खटावच्या पोरांना माल्टा जमेल असं मला वाटतं, तिथं नदी नाही, समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात, त्यामुळं बरीच घरं पाण्याच्या बाबतीत काटेकोर असतात. पाणी जपून वापरायचं आपल्याला कुणी शिकवायला नको.

महिना कुठला हेपण बघा. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या शाळा इटली-स्पेनच्या शाळकरी पोरांनी भरलेल्या असतात, घरं मिळत नाहीत आणि वरून समर सप्लिमेंट म्हणून जादा पैसे घेतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, मन लागत नाही.

शाळा आणि पैसे

ब्रिटनमधली असेल तर ब्रिटिश कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत नाव आहे का ते बघायचं, बास. यादी सगळ्यांना खुली आहे. माल्टात सरकारी लायसन्स असतं, ते विचारायचं.

फीच्या कागदावर "आठवड्याला २० लेसन" असं लिहिलेलं असतं, तिथं फसू नका. लेसन म्हणजे तास नाही, बऱ्याच ठिकाणी ४५ मिनिटं असतात, म्हणजे २० लेसनचे १५ तास. दोन शाळांची तुलना करताना लेसन न मोजता तास मोजा. आणि फीशिवाय काय काय लागतं ते लेखी घ्या: रजिस्ट्रेशन, पुस्तकं, घर बुक करायची वेगळी फी, एअरपोर्टवरून आणायचे पैसे. हे सगळं जोडलं की जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा यात बरंच अंतर पडतं.

एजंटबद्दल एवढंच की बहुतेकांना शाळेकडून कमिशन मिळतंच, त्यामुळं तुमच्याकडून वरती मोठी "प्रोसेसिंग फी" मागितली तर कशाची ते विचारायचं. मला एकानं पन्नास हजार सांगितले होते. मी शाळेला सरळ ईमेल केला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, दोन दिवसात उत्तर आलं. तसाही इंग्रजी शिकायलाच निघालाय, पहिला ईमेल स्वतःच लिहा की.

घराचा फॉर्म: इथं अजिबात लाजायचं नाही

शाळा एक फॉर्म पाठवते, होमस्टेसाठी तुमच्या आवडीनिवडी. आपली माणसं सगळीकडं "नो प्रॉब्लेम" लिहून मोकळी होतात, आणि मग तिथं जाऊन तोंड पाडून बसतात. खरं खरं लिहा. गाईचं मांस खात नाही, डुकराचं खात नाही, अंडं चालतं का, मासा चालतो का, कुत्र्या-मांजराची भीती आहे का, कसली ॲलर्जी आहे का. नुसतं व्हेज लिहू नका, तिकडं काही लोक मासे खाऊनपण स्वतःला व्हेजिटेरियन म्हणवतात, त्यामुळं काय काय खात नाही त्याची यादीच द्यायची. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचं "नॉनव्हेज खातो पण सोमवार-गुरुवार-शनिवार नाही" हे प्रकरण एका वाक्यात लिहायचा प्रयत्न करू नका, ते गेल्यावर समजवा.

हाफ बोर्ड म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. हेच घ्या. सेल्फ केटरिंग, म्हणजे स्वतःचं स्वतः करून खायचं, थोडं स्वस्त पडतं पण मग तुम्ही खोलीत बसून मॅगी खाणार आणि त्या घरात राहण्याचा मूळ उद्देशच बुडाला.

ब्रिटिश कौन्सिलच्या मान्यतेच्या नियमात घरांसाठीपण अटी आहेत. एका घरात एकावेळी चारपेक्षा जास्त विद्यार्थी ठेवायचे नाहीत, आणि तुमची लेखी संमती असल्याशिवाय तुमच्याच भाषेचा दुसरा विद्यार्थी त्याच घरात द्यायचा नाही. हा दुसरा नियम लई कामाचा. मित्राबरोबर जाताय, आई म्हणते दोघं एकाच घरात राहा, सोबत होईल. नको. दोघं मराठी एका घरात राहिले की रात्री जेवण झाल्यावर मराठीतच गप्पा होणार, मी लिहून देतो.

आणि होस्ट फॅमिली म्हणजे जाहिरातीतलं गोरं जोडपं, दोन गोंडस मुलं आणि बाग असं चित्र डोक्यात ठेवू नका. एकटी राहणारी रिटायर बाई असेल, फिलिपिन्सची नर्स असेल, पोलंडचं कुटुंब असेल. ते पैशासाठी खोली देतात, त्यात वावगं काही नाही, आपल्याकडं पेइंग गेस्ट ठेवतातच की. फक्त एक विचारा, घरात रोज बोलली जाणारी भाषा इंग्रजी आहे का. या प्रश्नाला शाळा उत्तर देते.

व्हिसाचे कागद, सातबाऱ्यासकट

पासपोर्ट नसेल तर सगळ्यात आधी तो. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, ऑनलाइन फॉर्म, मग बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला पुणे किंवा मुंबई. निकालाला साधारण तीन आठवडे धरा.

नोकरदारांचं सोपं आहे, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, कंपनीचं रजेचं पत्र ज्यात परत कधी रुजू होणार ते लिहिलंय. अडकतं ते शेतकऱ्याच्या पोराचं. वडील पैसे देणार, शेतीचं उत्पन्न म्हणजे आयकर नाही, आयटीआर नाही, मग दाखवायचं काय? सातबारा आणि आठ-अ लावा, कारखान्याची ऊसबिलं लावा, वडिलांचं बँक स्टेटमेंट लावा आणि वडिलांचं पत्र की मी खर्च करतोय. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, त्यावर भाषांतर बरोबर असल्याचं लिहून भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क पाहिजे. "गट नंबर", "जिरायत-बागायत" हे तिकडच्या ऑफिसरला कळावं म्हणून माझ्या एका मित्रानं अर्ध्या पानाचं साधं स्पष्टीकरण जोडलं होतं, ती आयडिया चांगली होती.

आणि सर्वात महत्त्वाचं, खात्यावर एकदम पडलेले पैसे. आपल्याकडं उसाचं बिल एकदम दोन-तीन लाख जमा होतं, आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण तिकडं बसलेला माणूस म्हणतो अचानक एवढे पैसे आले कुठून, उसने आणून दाखवलेत काय. म्हणून त्या एंट्रीसमोर नंबर घालायचा आणि त्याच नंबरची ऊसबिलाची पावती जोडायची. शेजारच्याकडून खरंच उसने आणून भरायचा उद्योग करू नका, ते लगेच दिसतं.

१८ च्या आतल्या पोराला पाठवणार असाल तर आई-वडिलांचं संमतीपत्र लागतं, आणि ब्रिटनमध्ये अशा पोरांना ठेवणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसांची पोलीस रेकॉर्डची तपासणी शाळेनं करून घ्यायची असते. झाली का ते शाळेला स्पष्ट विचारा.

बॅग

माझ्या मामीनं साताऱ्याहून किलोभर कंदी पेढे पाठवले होते, "त्या बाईंना दे" म्हणून. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणि युरोपातपण नेता येत नाहीत, तूपसुद्धा नाही. ते मला आदल्या दिवशी कळलं. मुंबई एअरपोर्टला सोडायला आलेल्या मंडळींनी पार्किंगमध्ये उभं राहून पेढे संपवले. ताजा कढीपत्ता, आंबा न्यायचा असेल तर आधी त्या देशाचा नियम बघा.

भडंग न्या, सीलबंद पाकिटातलं. बेदाणा न्या, हळद न्या. आमच्या बाईंना मी सांगलीची हळद दिली तर त्या एकदम खूश, तिकडं कॅफेत हळदीचं दूध महागात विकतात म्हणे, मी म्हटलं आमच्याकडं ते सर्दी झाल्यावर जबरदस्तीनं पाजतात.

बाकी: तीन चपट्या पिनांचा प्लग ॲडॅप्टर (ब्रिटन, आयर्लंड, माल्टा तिन्हीकडं तोच चालतो), पातळ रेनकोट, घरात घालायच्या वेगळ्या चपला, रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी. आणि एक रिकामी पाण्याची बाटली, कशासाठी ते तिथं गेल्यावर बाथरूममध्ये कळेल.

पहिला आठवडा आणि बाथरूम

हा भाग मी माझ्या अनुभवावरनं लिहितोय आणि मला तो सांगायला लाज वाटते. पहिल्या दिवशी प्रवासातून आलो, आंघोळ करावी म्हटलं. बाथरूममध्ये टब होता, त्याला पडदा होता. मला टबमध्ये उभं राहून आंघोळ करायची सवय नाही, मी आपला टबाच्या बाहेर फरशीवर उभा राहिलो, शॉवरचा पाइप हातात घेतला आणि सांगलीत करतो तशी मोकळी आंघोळ केली. पाणी जाईना. मग बघतो तर फरशीला मोरीच नाही! खाली जाळी नाही, उतार नाही, काही नाही. पाणी दाराखालून बाहेरच्या कार्पेटवर, आणि तिथून खालच्या खोलीच्या छताला ओल. मी टॉवेलनं पुसतोय, बाई बाहेरून दार वाजवतायत आणि मला "पाणी साचलंय" याचं इंग्रजी आठवेना. शेवटी ओरडलो, "सॉरी, रिव्हर कम!" बाईंनी तो शब्द पुढं बारा आठवडे सोडला नाही.

तर नियम: टबाच्या आत उभं राहायचं, पडदा टबाच्या आतल्या बाजूला सोडायचा, बाहेर एक थेंब सांडता कामा नये. शॉवर सात-आठ मिनिटांत उरकायचा कारण बऱ्याच घरांत गरम पाणी टाकीत साठवलेलं असतं, तुम्ही संपवलं की दुसऱ्याला थंड. सकाळची वेळ पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

डोक्याला खोबरेल लावून झोपू नका, उशीच्या अभ्र्यावर तो डाग जात नाही. लावायचंच असेल तर उशीवर स्वतःचा जुना टॉवेल टाका. चादर-टॉवेल आठवड्याला बदलून मिळतात, कपडे आठवड्यातून एकदा मशीनला लावतात. नवी जीन्स पहिल्यांदाच त्यांच्या पांढऱ्या कपड्यांत टाकू नका, रंग जातो. फोडणी देणार असाल तर आधी विचारा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा, कारण मोहरी तडतडली आणि थोडा धूर झाला की छतावरचा स्मोक अलार्म असा काही बोंबलतो की शेजारी बाहेर येतात. रात्री उशीर होणार असेल तर जेवणाच्या आधी मेसेज टाकायचा, तिथं कुणी ताट झाकून ठेवून वाट बघत बसत नाही.

घरी फोनचं एक बघा. उन्हाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. तिथं संध्याकाळी सहा म्हणजे इथं साडेदहा, आईची झोपायची वेळ, आणि ती नेमकी तेव्हाच व्हिडिओ कॉल करणार जेव्हा तुम्ही टेबलावर बसलेले असणार. आईला सांगून ठेवा, सकाळी साडेसातला करतो, तेव्हा इथं बारा वाजलेले असतात.

टेबल

आमच्या बाई मूळच्या यॉर्कशायरच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या "टी ॲट सिक्स". मी चहा समजलो, पारलेचा पुडा घेऊन खाली गेलो. टेबलावर बटाटे, वाटाणे आणि फिश. काही लोक संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, अजून थोडं घेणार का? मी म्हटलं "नो नो". आपल्याकडं पहिल्या आग्रहाला नको म्हणायचं असतं, दुसऱ्याला बास म्हणायचं असतं, तिसऱ्याला ताटावर हात आडवा धरायचा आणि मग वाढलेलं गुपचूप खायचं. इथं बाईंनी "ओके" म्हटलं आणि भांडं उचलून फ्रिजमध्ये ठेवलं. दुसरा आग्रह आलाच नाही. मी रात्री भडंग खाऊन झोपलो. तेव्हा भूक असेल तर पहिल्याच वेळी "येस प्लीज" म्हणायचं, नसेल तर "नो थँक यू", आणि प्लीज-थँक यू गाळायचं नाही. आपण मराठीत घरच्या माणसाला थँक यू म्हटलं तर परकं वाटतं, तिकडं नाही म्हटलं तर उद्धट वाटतं.

मग आली संकष्टी. मी सकाळी सांगितलं, आज माझा फास्ट आहे. त्या म्हणाल्या म्हणजे काहीच खाणार नाही? मी म्हटलं खाणार, पण ब्रेड नाही, राइस नाही. बटाटा? बटाटा चालतो. बीन्स? नाही चालत. शेंगदाणे? शेंगदाणे चालतात. त्या म्हणाल्या अरे पण शेंगदाणा हापण एक प्रकारचा बीनच आहे. आता याला काय उत्तर देणार, आजपर्यंत आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता! मी साबुदाणा समजावायला लागलो, पांढरे छोटे गोळे, भिजवल्यावर फुगतात, मोबाइलवर फोटो दाखवला तर बाई किंचाळल्याच, "टॅपिओका!" त्यांच्या शाळेत लहानपणी दुधातला टॅपिओका द्यायचे आणि पोरं त्याला बेडकाची अंडी म्हणायची. मग अर्धा तास शाळेतल्या जेवणावर गप्पा, मी खिचडीची कृती सांगितली, दाण्याचं कूट म्हणजे काय ते हातानं करून दाखवलं. रात्री त्यांनी मला सालासकट भाजलेला मोठा बटाटा दिला, जॅकेट पोटॅटो म्हणतात, मध्ये चिरून बटर आणि मीठ. उपवासाला एकदम फिट. नंतर दर संकष्टीला तोच.

त्या एका संध्याकाळी मी जेवढं सलग बोललो तेवढं आधीच्या अख्ख्या आठवड्यात वर्गातपण बोललो नव्हतो. कारण वर्गात आपण उत्तरं देतो, इथं मला खरंच काहीतरी सांगायचं होतं आणि समोरच्या माणसाला खरंच ऐकायचं होतं. म्हणून जेवण झालं की लगेच वर खोलीत पळू नका. भांडी पुसायला उभं राहा, एक धुतोय एक पुसतोय यात जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या समोरासमोर बसून होत नाहीत, नजर द्यावी लागत नाही ना. टीव्हीवर काय बघतायत ते त्यांच्याबरोबर बघा, सबटायटल लावू का विचारा. आणि रोज एक विषय खिशात ठेवा. मी इर्विन पुलाचा फोटो दाखवला, १९२९ सालचा पूल, व्हाइसरॉयचं नाव, आणि २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते सांगितलं. सातारकरांना तर कासचं पठार आहे, फोटो दाखवला की समोरचा विचारतच सुटतो.

आपलं इंग्रजी कुठं अडखळतं

"मायसेल्फ अमुक" म्हणू नका, "आय ॲम". "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" नाही, "आय हॅव". "आउट ऑफ स्टेशन", "प्रीपोन", "डू द नीडफुल" हे तिकडं कुणी बोलत नाही, ऐकलं की नुसते बघत राहतात. "आय हॅव अ डाउट" म्हटलं की त्यांना वाटतं तुमचा विश्वास नाहीये, प्रश्न असेल तर "आय हॅव अ क्वेश्चन".

उच्चारात आपला मोठा घोळ व चा. इंग्रजीत दोन वेगळे आवाज आहेत, एक दात खालच्या ओठाला टेकवून, दुसरा ओठ गोल करून. मी "वेस्ट" दिशा विचारली आणि माणूस "व्हेस्ट" म्हणजे बनियन समजला. आरशासमोर रोज पाच मिनिटं करा, येतं.

"यू ऑलराइट?" हे आपल्या "काय, जेवलास का?" सारखं आहे. त्याचं उत्तर "येस, यू?" एवढंच. मी पहिल्या दिवशी पोटाची तक्रार सविस्तर सांगितली होती. आणि "वुड यू माइंड" ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला करायची तयारी असेल तर "नो" म्हणायचं असतं, "येस" म्हटलं तर तुमची हरकत आहे असा अर्थ होतो. हे डोक्यात बसायला मला दीड महिना लागला.

वयानं मोठ्या बाईंना नावानं हाक मारायची हे जिभेवर येतच नाही, मी आठवडाभर "मॅडम मॅडम" करत होतो, त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायला लागलं. त्या सांगतील त्या नावानं हाक मारा. आंटी तर अजिबात नको.

नाही पटलं तर

जेवण अपुरं, खोली थंडगार, घरात कुणी बोलतच नाही, असं होऊ शकतं. माझ्या वर्गातल्या एका तुर्की मुलाला असं घर मिळालं होतं जिथं होस्ट रात्री नऊला यायचा आणि फ्रिजवर चिठ्ठी ठेवायचा. त्यानं तीन आठवडे सहन केलं. तुम्ही करू नका. शाळेत राहण्याचं बघणारा एक माणूस असतो, पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडं जाऊन शांतपणे, मुद्दे लिहून सांगा, घर बदलून देतात. आधी होस्टशी बोलायचं धाडस झालं तर उत्तमच, निम्म्या तक्रारी हीटर आणि जेवणाच्या असतात आणि नुसतं सांगितल्यावर मिटतात. घरच्यांना फोन करून रडायचं आणि शाळेला काहीच सांगायचं नाही हा मात्र आपल्या पोरांचा नेहमीचा प्रकार.

निघताना

निघायच्या आदल्या रात्री बेडशीट काढून घडी करून ठेवा, खोली झाडून घ्या, किल्ली स्वतः हातात द्या. मी शेवटचं भडंगाचं पाकीट फोडलं, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून दोघांसाठी कालवलं, मिरची बेतानं. बाईंनी चमच्यानं खाल्लं, डोळ्यातून पाणी आलं तरी दुसऱ्यांदा घेतलं. मी विचारलं अजून घेणार का, त्या म्हणाल्या "नो नो", आणि हात ताटावर आडवा धरून माझ्याकडं बघत बसल्या. मी वाढलं.

आता दर रविवारी संध्याकाळी आमचा फोन असतो. सोमवारी कस्टमरचा फोन आला की पहिली पाच मिनिटं अजून पोटात गोळा येतो, पण जागेवर बसून घेतो.